कडूबानं पुसलेल्या रेघा

मृग लागून चार दिवस झाले होते. आभाळ रोज भरून यायचं आणि तसंच कोरडं परत जायचं. सकाळी सातलाच हवा एवढी कुबट, की कडूबाची बनियन पाठीला चिकटली होती. मधूनच हर्सूलच्या तलावाकडून वारा सुटायचा, गल्लीतली माती उचलायचा आणि खिडकीच्या जाळीतून थेट त्याच्या टेबलावर आणून टाकायचा. कडूबा दर घडीला उठून जुन्या धोतराच्या फडक्यानं काँप्युटरचा पडदा पुसत होता. पुसून चष्मा कपाळावर चढवायचा, पडद्याला नाक लावून बघायचा, आणि मगच खुर्चीत बसायचा.

पडद्यावर मक्याचं कणीस होतं. सिल्लोडच्या एका बियाणेवाल्याचं पत्रक दुपारपर्यंत छापखान्यात पोचवायचं होतं आणि दुकानदाराचा सकाळपासून तिसरा फोन आला होता.

"कडूबाभाऊ, कणीस अजून जरा पिवळं करा ना."

"शेठ, याच्याहून पिवळं केलं तर कणसाला कावीळ झाल्यावानी दिसंल."

"दिसू द्या हो. समोरच्या दुकानापेक्षा पिवळं दिसलं म्हंजे झालं."

कडूबानं कणसाला अजून एक हात पिवळा दिला. बासष्ट वर्षांचं वय, त्यातली पंचेचाळीस वर्षं रंगात गेलेली. कुठला पिवळा सिल्लोडला खपतो आणि कुठला क्रांती चौकातल्या सोनाराला लागतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली.

"काका आहेत का हो?"

"असत्याल नाय तं जात्याल कुठं," ओट्यावरून आशाबाईचा, कडूबाच्या बायकोचा आवाज आला. "त्या डबड्याला डकून बसलेत. जा आत, मॅडम. च्या टाकते."

अंबिका मॅडम आत आल्या त्या हेल्मेट हातात घेऊनच. शहरातल्या एका कॉलेजात त्या फिजिक्स शिकवत. नोकरी तासावर, दर जूनला नव्यानं अर्ज करायची. वय पस्तिशीचं, चेहरा नेहमी कसल्या तरी हिशेबात अडकलेला. आज मात्र तो असा उजळलेला की कडूबानं खुर्ची पुढं सरकवायच्या आधीच त्या बोलायला लागल्या.

"काका, नऊ एप्रिलचे फोटो काढा. खुलताबादचे. सिंह राशीतल्या त्या तीन दीर्घिका, ज्यांचं आपण पोस्टर केलं."

"ते व्हय. पोस्टर कमी पडलं का?"

"पोस्टर नको, मूळ फोटो हवेत. अहो, मे महिन्यात परदेशात कुणाला तरी एक नवा लघुग्रह सापडलाय. त्याचा रस्ता अजून नीट कळत नाही, कारण बघून महिनाच झालाय. पण वैजनाथ सरांनी रात्रभर बसून मागं मोजत नेलं. नऊ एप्रिलच्या रात्री तो आपल्याच चौकटीत होता. तिसऱ्या दीर्घिकेच्या अगदी शेजारी! त्याचे एवढे जुने फोटो दुसऱ्या कुणाकडंच नाहीत. आपण जागा मोजून पाठवली तर नोंद होईल. आपल्या नावानं. माझ्या अर्जाला जोडता येईल काका, पंचवीस तारखेला मुलाखत आहे."

कडूबाचा हात माउसवर होता तिथंच राहिला.

"पोस्टरमध्ये मी भिंग घेऊन बघितलं," मॅडम सांगत होत्या. "तिथं काहीच नाही. पण पोस्टर करताना लहान करतो आपण, बारीकसारीक जातं. मूळ फोटोत असणार. नऊ फोटो, नऊ जागा. एका ओळीत सरकत गेलेला दिसेल."

"कसा दिसंल?" कडूबानं विचारलं. त्याला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"बारीक रेघ. तांदळाच्या कणीएवढी. आपण आधी लाल काचेतून तीन फोटो घेतले, मग हिरव्या, मग निळ्या. प्रत्येक वीस मिनिटांचा. तारे जागचे हलत नाहीत, म्हणून तीनही रंग एकमेकांवर बसतात आणि तारा पांढरा दिसतो. हा मात्र चालत राहतो. म्हणून रंगीत केलं की तीन रेघा लाल, तीन हिरव्या, तीन निळ्या, अशी माळ दिसेल."

आशाबाई चहा घेऊन आल्या. मॅडमनी उभ्यानंच चहा प्याला, बशी खाली ठेवली. "कॅमेऱ्याचं कार्ड तर मी तेव्हाच पुसलं, तुम्ही उतरवून घेतलं म्हणालात म्हणून. म्हणजे आता फक्त तुमच्याकडंच आहेत. शुक्रवारपर्यंत द्याल ना?"

"शोधून ठिवतो," कडूबा म्हणाला.

स्कूटर गेली. कडूबानं नऊ एप्रिलचं फोल्डर उघडलं नाही. उघडून काय बघायचं होतं? ती लाल, हिरवी, निळी माळ त्यानं दोन महिन्यांपूर्वीच बघितली होती. आणि स्वतःच्या हातानं, एकेक करून, पुसली होती.

*

कडूबा मूळचा सिल्लोडकडचा. त्याच्या आधीची दोन लेकरं गेली, म्हणून यमाला गोड लागू नये असं नाव आईनं ठेवलं. निजामावरच्या पोलिस ॲक्शननंतर दहा वर्षांनी जन्मलेला हा पोरगा मॅट्रिक नापास झाला आणि शहरात येऊन गुलमंडीजवळच्या रामकिसनशेठच्या छापखान्यात चिकटला. तिथं मागच्या अंधाऱ्या खोलीत एक कॅमेरा होता. कॅमेरा म्हणजे खोलीच म्हणा ना, माणूस आत उभा राहील एवढा. रंगीत चित्र छापायचं तर त्याचे त्या कॅमेऱ्यानं चार काळेपांढरे फोटो काढायचे. लाल काच लावून काढला की त्याची निळ्या शाईची प्लेट, हिरव्या काचेची लाल शाईची, निळ्या काचेची पिवळ्या शाईची, आणि चौथी काळ्याची. चारही प्लेटी केसभर न हलता एकावर एक छापल्या की कागदावर देवाला रंग चढायचा.

चार फोटो एकावर एक बसवण्यात कडूबाचा हात असा बसला की जालन्याचे बियाणेवालेसुद्धा पाकिटं छापायला इकडं यायचे.

आणि मग ते दिवाळीचं कॅलेंडर झालं. लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हा. लाल शाईच्या फिल्मवर मोहरीएवढा कण बसला आणि कडूबाच्या नजरेतून निसटला. पाच हजार कॅलेंडरं छापली, तेव्हा कुठं दिसलं की लक्ष्मीच्या उजव्या गालावर लालभडक मस आलाय. व्यापाऱ्यानं गठ्ठे परत पाठवले. रामकिसनशेठ ओरडला नाही. त्यानं कडूबाच्या हातात बारीक कुंचला आणि रंगाची वाटी दिली आणि म्हणाला, "पूस आता. सगळ्या." आठ दिवस कडूबा फरशीवर मांडी घालून पाच हजार लक्ष्म्यांचे गाल पुसत होता. येणारेजाणारे दारात थांबून बघायचे. "काय कडूबा, पावडर लावतो का?" म्हणायचे.

तेव्हापासून ठिपका म्हणजे कडूबाचा वैरी. फिल्म उजेडाच्या टेबलावर ठेवायची, भिंग डोळ्याला लावायचं, आणि जिथं जिथं भोक, कण, ओरखडा दिसेल तिथं ओपेकचा थेंब द्यायचा. ओपेक म्हणजे उजेड अडवणारा लाल लेप. तो फिल्मवरच लावायचा, कारण फिल्म एकच असायची. तिची नक्कल ठेवायची चैन कुणाला होती? कडूबानं साफ केलेल्या फिल्मवर पुन्हा कुणी भिंग फिरवत नसे. आशाबाई म्हणायच्या, "आमच्या यांना पापडावरचं जिरंसुद्धा डाग वाटतो. उचलून फेकत्यात."

पुढं काँप्युटर आले. फिल्म गेली, कॅमेरा भंगारात गेला, रामकिसनशेठही गेला. कडूबा पन्नाशीत माउस धरायला शिकला आणि घरी बसून पत्रिका, पत्रकं, बॅनर करू लागला. काम होतं, पण त्यात हातातला हुन्नर मागितला जात नव्हता. लोक म्हणायचे, पिवळं करा, मोठं करा, साहेबांचा फोटो वर घ्या.

अशात दोन वर्षांमागं अंबिका मॅडम तीन काळेपांढरे फोटो घेऊन आल्या होत्या. वैजनाथ सर म्हणून कॉलेजातले निवृत्त शिक्षक होते, त्यांची खुलताबादच्या डोंगरावर थोडी जमीन होती. तिथं पत्र्याच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या फंडातून दुर्बीण बसवली होती. विद्यार्थ्यांसाठी रंगीत पोस्टर करायचं होतं आणि कुणालाच ते फोटो एकमेकांवर बसवता येत नव्हते.

"आभाळाचे फोटो काळेपांढरे काहून?" कडूबानं विचारलं होतं.

"कॅमेऱ्याला रंग कळत नाही. उजेड किती आला एवढंच कळतं. म्हणून आम्ही समोर काच लावतो. लाल काचेतून लांब लहरींचाच उजेड आत येतो, निळ्यातून आखूड लहरींचा. मग तिन्ही एकावर एक ठेवले की..."

"की रंग चढतो," कडूबा म्हणाला, आणि त्याच्या अंगावर काटा आला. कुठं गुलमंडीची अंधारी खोली आणि कुठं हे!

पहिल्या दिवशी मात्र फजिती झाली. जुन्या सवयीनं त्यानं लाल काचेच्या फोटोला निळी शाई दिली, हिरव्याच्या फोटोला लाल. मृग नक्षत्रातला तो गुलाबी तेजोमेघ पडद्यावर आला तो हिरवट निळा.

"अहो, हा तर शेवाळलेला हौद झाला!" मॅडम हसून हसून बेजार.

कडूबानं थोडा विचार केला. "शाई उजेड खाती, मॅडम. तुमचा पडदा उजेड देतो. म्हणून उलटं झालं." आणि त्यानं रंग पालटले. मॅडम हसायच्या थांबल्या. त्या दिवसापासून त्या त्याला काका म्हणू लागल्या, आणि डोंगरावरचा प्रत्येक फोटो रंगायला हर्सूलच्या या दोन खोल्यांत येऊ लागला. दोन वर्षांत चौदा चित्रं झाली. पोस्टरच्या खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेलं असायचं, "रंगजुळणी : कडूबा". नातेवाईक आले की आशाबाई कॉलेजातून आणलेलं पोस्टर पलंगाखालून काढून दाखवायच्या.

*

दहा एप्रिलच्या सकाळी काय झालं, ते कडूबाला मिनिटामिनिटानं आठवत होतं. नऊ फोटो उतरवले. ताऱ्यावर तारा बसवला. रंग दिले. तिन्ही दीर्घिका अशा उघडल्या की त्यानं आशाबाईला हाक मारून दाखवल्या. मग भिंग घेतलं. आणि तिसऱ्या दीर्घिकेच्या अंगाला त्या बारीक रेघा दिसल्या. लाल, हिरव्या, निळ्या.

रंग सुटून दिसले की छापखान्यातला माणूस आधी म्हणतो, प्लेट हलली. पण प्लेट हलली असती तर सगळेच तारे सुटले असते. तारे तर नेमके बसलेले. म्हणजे घाण. कार्डावरची असेल, काचेवरची असेल.

आणि इथंच कडूबाच्या काळजात काटा होता. क्षणभर त्याचा हात थांबला होता. घाण अशी ओळीत बसत नाही, हे त्याला त्या क्षणी दिसलं होतं. मॅडमना फोन करावा असंही मनात आलं होतं. पण पोस्टर संध्याकाळी द्यायचं होतं, आणि लक्ष्मीच्या गालावरचा मस डोळ्यांपुढं उभा राहिला. चित्रात नव्हे, मूळ नऊ फोटोंत एकेक जाऊन त्यानं रेघ पुसली, शेजारचं काळं आभाळ तिच्यावर पसरवलं, आणि त्याच नावानं फोटो जपून ठेवला. फिल्म एकच असते. हात पंचेचाळीस वर्षं तेच करत आला होता.

मॅडम येऊन गेल्या त्याच दुपारी मक्याचं पत्रक पाठवून तो काँप्युटरचा डबा पिशवीत घालून क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत मुनाफकडं गेला. मुनाफ काँप्युटर दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानात पंखा होता, पण तो यंत्रांवर रोखलेला. गिऱ्हाइकानं घामात बसायचं.

"पुरानी फाइल निकालनी है, मुनाफभाई. पुसली गेली."

"डिलीट हुई क्या चचा? वो तो निकलती. बैठो."

"डिलीट नाय. उसीच नाम से वापस सेव किया."

मुनाफनं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "मतलब ऊपर से लिख दिया."

"व्हय."

"तो चचा, पाटी पे पहले 'अ' लिख्या, फिर पुसके उसपे 'ब' लिख्या, अब मेरे कू बोलते 'अ' निकाल. कहाँ से निकालूँ?" तरी त्यानं दोन तास यंत्र लावून बघितलं. माणूस चांगला होता. शेवटी तीन जुन्या लग्नपत्रिका आणि एका नगरसेवकाचा वाढदिवसाचा बॅनर वर आला. "इनमें से कुछ काम का है क्या?" त्यानं विचारलं. कडूबा पिशवी उचलून निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला. तिसऱ्यांदा वाजल्यावर त्यानं उचलला.

"सापडले का काका?"

"मॅडम, ते... फाइली खराब निघाल्या."

"खराब म्हणजे?"

"उघडत नायत. कार्डातूनच तशा आल्या असतील."

पलीकडून हळू आवाजात, "पण पोस्टर तर त्यातूनच झालं ना?"

"तव्हा उघडल्या. आता नाय उघडत."

खोटं बोलून झाल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. कडूबाला जेवण गेलं नाही. आशाबाईनं भाकरी मोडून ताटात तशीच पडलेली बघितली आणि विचारलं, "काय झालं?"

"पित्त झालं."

"चाळीस वर्षांत पित्त झालं नाय तुम्हाला. आता काय, चांदण्या बघून झालं?"

तो ताट सरकवून उठला.

*

गुरुवारी सकाळी अंबिका मॅडम पुन्हा आल्या. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. आज हेल्मेट दारातच ठेवलं आणि खुर्चीत जड बसल्या.

"सरांशी भांडण झालं माझं," त्या म्हणाल्या. "मी त्यांना बोलले, तुम्ही ते स्वस्तातलं कार्ड आणलंत, म्हणून फोटो गेले. एवढी दुर्बीण घेतलीत आणि कार्डात काटकसर केलीत. खूप बोलले काका. बोलायला नको होतं."

"सर काय म्हणले?"

"काहीच नाही. मग रात्री मेसेज आला. 'माझंच चुकलं. वय झालं आता, डोंगरावर चढणंही होत नाही. दुर्बीण एखाद्या शाळेला देऊन टाकू.'" त्यांनी फोन पालथा करून मांडीवर ठेवला. "त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. ते यंत्र सोडलं तर त्यांना घरात बोलायला कुणी नाही."

आतल्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. कडूबानं चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा घातला.

"मॅडम, कार्ड खराब नाय."

"मग?"

"फाइलीबी खराब नायत. उघडत्यात सगळ्या. त्यात रेघा व्हत्या. म्या पुसल्या."

बोललेलं मॅडमच्या कानात शिरलं होतं, पण आत उतरायला वेळ लागत होता.

"तुम्हाला दिसला होता?"

"व्हय."

"कधी?"

"दुसऱ्याच दिवशी. दहा तारखेला सकाळी."

"आणि मला सांगितलं नाही?"

"घाण वाटली, मॅडम. आमच्या धंद्यात ठिपका म्हंजे घाणच. फिल्मवर जे दिसंल आन् चित्रातलं नसंल, ते मारायचं. म्या तेच केलं. मुनाफकडं जाऊन आलो, आता काय निघत नाय. काल तुम्हाला खोटं बोललो."

आशाबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"महिनाभर आधी, काका," मॅडमचा आवाज फाटला. "ज्यांनी शोधला त्यांच्या महिनाभर आधी तुम्ही त्याला बघितलंत. या खोलीत बसून. आणि पुसून टाकलंत!"

कडूबा पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची माती एका बाजूला सारत राहिला.

"एक शंका तरी आली नाही तुम्हाला?"

इथं खोटं बोलता आलं असतं. नाही म्हणाला असता तर बिचारा अडाणी माणूस म्हणून सुटला असता.

"आली व्हती," तो म्हणाला. "घाण ओळीत बसत नसती. हात थांबला व्हता माझा. पण पोस्टर द्यायचं व्हतं, आन् मला भ्या वाटलं. डाग राहिला तर लोकं म्हणतील, कडूबाची नजर गेली."

मॅडम उठल्या. खिडकीपाशी गेल्या. बाहेर आभाळ काळंकुट्ट दाटलं होतं. आता दसऱ्यापर्यंत डोंगरावर दुर्बीण उघडायची सोय नव्हती, आणि तोवर तो लघुग्रह इतका लांब जाणार होता की कुठल्याच काचेतून सरांच्या दुर्बिणीला दिसला नसता. त्या वळल्या तेव्हा रडत नव्हत्या. चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी आलं होतं.

"बाकीची तेरा चित्रं?"

कडूबाला हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. दोन रात्री तो याच प्रश्नाशी जागला होता.

"सगळी साफ केली."

"मूळ फोटोसुद्धा?"

"सगळे."

"त्यात काय काय होतं?"

"ठिपके व्हते. कुठं लांब रेघ, ती उपग्रहाची असंल. कुठं एक तारा एकाच फोटोत दिसला आन् बाकीच्यांत नाय. म्या काय मोजले नाय, मॅडम. घाण कोण मोजतं?"

मॅडम खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. दोन वर्षं. थंडीत कुडकुडत, घरी सासूबाईंची बोलणी खात, डोंगरावर घेतलेल्या दोन वर्षांच्या रात्री आता फक्त भिंतीवर लावायच्या लायकीच्या उरल्या होत्या. बघणाऱ्याला काही सांगतील अशा नव्हत्या. कडूबाला ते त्यांच्या तोंडावर वाचता आलं, आणि आपण त्यांचं काय नेलं ते त्याला तेव्हा पुरतं कळलं.

त्यांनी फोन उचलला, नंबर लावला आणि त्याच्यापुढं धरला.

"सरांना तुम्हीच सांगा. मी त्यांना नको ते बोलले आहे."

कडूबानं फोन दोन्ही हातांनी घेतला. वैजनाथ सरांचा खोल, खोकल्याचा आवाज आला. कडूबानं सांगितलं. पोस्टर, रेघा, ओपेक, त्याच नावानं जपून ठेवलेले फोटो, कालचं खोटं, सगळं. सांगताना दोनदा अडकला. सरांनी मधे तोंड घातलं नाही.

"किती रेघा होत्या?" सरांनी विचारलं.

"नऊ, सर."

"सरळ ओळीत?"

"सुतात धरल्यावानी सरळ."

"दीर्घिकेच्या कुठल्या अंगाला?"

"डाव्या. खालून वर जात व्हत्या. लाल आधी, निळ्या शेवटी."

सर थोडं खोकले. "म्हणजे होता तर," ते म्हणाले. "माझं गणित बरोबर आलं." आणि मग, "अंबिकाला द्या."

मॅडम फोन घेऊन ओट्यावर गेल्या. भिंतीआडून कडूबाला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "नाही सर, चालत नाही तसं... त्यांना आठवतं, हो, पण आठवण कोण मोजून घेणार?... नाही, दुर्बीण देऊ नका... मला माफ करा सर, मी तुम्हाला... हो. येते संध्याकाळी."

आत आल्यावर त्यांनी पर्स खांद्याला लावली. कडूबा उभाच होता.

"हार्ड डिस्क द्या. सगळे फोटो. जे राहिलंय त्यात बघते काही सापडतं का."

त्यानं वायर सोडवली, डिस्क फडक्यात गुंडाळून दिली.

"मॅडम, तुमची मुलाखत..."

"तिचं मी बघते." दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. "दसऱ्यानंतर वर जाऊ तेव्हा फोटो आधी मी माझ्याकडं उतरवून घेईन. नक्कल मिळेल तुम्हाला. नक्कलेवर काय ते करा."

"बरं," कडूबा म्हणाला.

काका म्हणाल्या नाहीत, हे स्कूटर कोपऱ्यावर वळल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो टेबलापाशी आला. पडद्यावर वाऱ्यानं पुन्हा माती बसली होती. त्यानं फडक्यासाठी हात पुढं केला, तेव्हा कळलं, फडकं डिस्कबरोबर गेलं.

आशाबाई दारातच होत्या. नवऱ्याला आज चाळीस वर्षांत पहिल्यांदा अपराध्यासारखं उभं बघत होत्या. मग त्यांनी कोपऱ्यातला ज्वारीचा डबा पुढं ओढला.

"पीठ संपलंय. गिरणीत गर्दी व्हायच्या आत जाऊन या. लाइट गेली की बसावं लागंल दिवसभर."

कडूबानं डबा उचलून सायकलच्या कॅरियरवर ठेवला, रबरी ट्यूबनं दोनदा आवळून बांधला.

"जाड का बारीक?" त्यानं विचारलं.

"भाकरीचं हाये. बारीकच आणा."

तो सायकल हातात धरून गल्लीतून चालत निघाला.